पाजणी होऊ दे, मग सांगते

हे तू बरं केलं नाहीस, अक्का.

वाद अर्धवट टाकून उठायची तुझी रीत नव्हती. समोरचा उठायला लागला तर त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवायचीस आणि म्हणायचीस, "सुम्म कूड." राग आला की तुझ्या तोंडात कानडी यायची, आणि मी, दोन पोरींचा बाप, एवढ्या मिशा बाळगणारा माणूस, मुकाट खाली बसायचो. आता तूच वाद अर्ध्यात टाकून गेलीस. गेलीस असं लिहितो खरं, पण गेलीस कुठं? खुंटाला पाठ टेकून बसलीस आणि बसूनच राहिलीस. माझ्या डोक्यात ते अजून शिरत नाही. सकाळी जाग आली की पहिला विचार येतो, हे असं कसं झालं ते अक्काला विचारलं पाहिजे.

ओसरीवर माणसं येतात. सास्तूरची सगळी येऊन गेली, आता बाहेरगावची येतात. तपकिरीची चिमूट ओढतात आणि विचारतात, "काय झालतं?" मी म्हणतो, "पाजणी चालू होती." ज्यांच्या घरात माग नाही त्यांना पाजणीपासून सांगावं लागतं. मग सांगत बसतो. कातलेली लोकर तशीच मागावर चढवली तर धोट्याच्या चार फेऱ्यांत तुटते. म्हणून घोंगडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, गल्लीत दोन खुंटांना ताणून बांधायचा, चिंचोक्याची खळ शिजवून त्याला लावायची, आणि दोन्ही अंगांना समोरासमोर उभं राहून तो कुंच्यानं विंचरायचा. वाळेपर्यंत विंचरायचा. मधे हात थांबला की धागे एकमेकांना चिकटतात, सगळ्याची फळी होते आणि कातणारीची मेहनत मातीत जाते. म्हणून पाजणीला माणसं बोलतात, हसतात, भांडतात, पण हात थांबवत नाहीत.

एवढं ऐकल्यावर माणसं मान हलवतात. एक पाव्हणा म्हणाला, "भाग्याची बाई. आपल्यात बसवूनच पुरतात, हिला तर वाकवावंबी लागलं न्हाय." चांगल्या मनानंच म्हणाला बिचारा. पण माझ्या हातात कुंचा असता तर मी तो त्याला फेकून मारला असता. तुला मातीत बसवताना मीच खड्ड्यात उतरलो होतो. तू चरख्यापुढं बसायचीस तशीच मांडी होती. मागाच्या खड्ड्यात आणि त्या खड्ड्यात मला फरक कळेना. कुणीतरी मला हाताला धरून वर काढलं.

वाद काय होता हे तुला सांगायला नको, पण आज मला सबंध बोलू दे, कारण मधे तोंड घालायला तू नाहीस. माझ्या थोरल्या गौराला सोलापूरच्या शाळेत घालायचं की नाही, एवढाच वाद. तुझी नणंद तिथं राहते, पोरीला ठेवून घेते म्हणते, जूनमध्ये शाळा लागते. मी म्हणत होतो घालू. तू म्हणत होतीस नको. गंमत बघ. जन्मात शाळेची पायरी न चढलेला मी शाळेच्या बाजूचा, आणि माझ्या घरात शाळा चालवणारी तू शाळेच्या विरुद्ध.

तशी आपली भांडणं जुनी आहेत. पहिलं मला आठवतं ते ताण्यावरचंच. तुझं लग्न ठरलं होतं. लग्नाआधीच्या पाजणीला अव्वानं, आपल्या आईनं, तुझ्या हातातला कुंचा काढून माझ्या हातात दिला आणि मला तुझ्या जागी उभं केलं. मी तोवर खळीचं गाडगं उचलणारा पोरगा. मला आभाळ ठेंगणं झालं. तू गाडगं घेऊन माझ्या मागं मागं आलीस आणि रडलीस. मी तुला चिडवलं, "अक्काचा कुंचा गेला, अक्काचा कुंचा गेला." तू ओल्या खळीचा हात माझ्या तोंडावर ओढलास. मग दोघांनी अव्वाचा मार खाल्ला, पण हात चालू ठेवून. पुढं सोलापुराहून आलीस की त्याची आठवण काढून हसायचीस, आणि मी म्हणायचो की जागा माझीच होती, तू उगाच अडवून बसली होतीस.

दाजी गेले आणि तू परत आलीस, तेव्हा बरोबर एक ट्रंक आणली होतीस. ट्रंकेत दोन लुगडी आणि जुन्या वर्तमानपत्रांची चवड. सोलापुरात दुपारी बायकांना लिहायला वाचायला शिकवत, तिथं तू शिकलीस, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तू ते आमच्या अंगणात आणून मांडशील असं कुणाच्या मनात नव्हतं. आपल्या निजामाच्या मोगलाईत मदरसा होता, पण त्यात सगळं उर्दूत चाले, आणि पोरींना तिथं धाडायचं म्हणजे गावानं तोंडात बोट घातलं असतं. आल्यावर आठवडाभर तू नुसती लोकर कातलीस. मग एका सकाळी गौराला समोर बसवून म्हणालीस, "चिंचोके फोडायचेत न्हवं? मग मोजून फोड."

झालं, शाळा सुरू. बेरीज चिंचोक्यांची, वजाबाकी चिंचोक्यांची. दिवसभर पोरींनी मांडलेली गणितं संध्याकाळी तू जात्यात घालायचीस आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खळ शिजायची. पार्वती, माझी बायको, म्हणायची, "वन्सं, तुमच्या शाळंत काय शिल्लकच ऱ्हात न्हाय." तू म्हणायचीस, "म्हनून तर उद्या पुन्ना करावं लागतं." पार्वती हसायची. तुमचं दोघींचं कधी वाजलं नाही, आणि आपण दोघं मात्र रोज.

अक्षरं तू उरलेल्या खळीत शिकवलीस. अंगणात खळीचा पातळ थर ओतायचा, तो अर्धा वाळला की त्यावर बोटानं लिहायचं. चुकलं तर हातानं सारवायचं. थोरली गौरा ठळक लिहायची. धाकट्या चन्नीचं सगळं लक्ष लोकरीत. क काढायला सांगितला की ती उरलेल्या लोकरीचं मेंढरू वळायची, त्याला चिंचोक्याचे डोळे लावायची आणि तुझ्यापुढं ठेवायची. तू ते मेंढरू उलटंपालटं करून बघायचीस. एकदा म्हणालीस, "याचा मागचा पाय आखूड हाय. क न्हाय जमला तर न्हाय, पाय तरी नीट कर." पोरगी हिरमुसली नाही. तिनं पाय केला आणि मग आपणहून क काढला. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं तुझी शाळा उजेडातच चालायची आणि पाढे मात्र अंधार पडेपर्यंत. मी मागावर बसलो की पोरी धोट्याच्या तालावर पावकी, निमकी, सवायकी म्हणायच्या. धोटा अडला की पाढा अडायचा आणि तिघी माझ्याकडं रागानं बघायच्या.

त्या तालावर मीही शिकलो, हे तुला ठाऊक होतं. पण मी शिकतोय असं तू कधी दाखवलं नाहीस. खाली अंगणात लिहिताना अक्षरं जरा मोठी काढायचीस, मागावरून दिसतील एवढी. मी विचारायचो, "एवढं मोठं कशाला?" तू म्हणायचीस, "पोरींचे डोळे अधू हायत." पोरींचे डोळे सुईत दोरा ओवायचे तेव्हा. हे जे आज लिहितोय ते त्याच अक्षरांत. बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, मल्ल्या, तुझा ळ मेलेल्या बगळ्यासारखा दिसतोय.

मदरशाचे मास्तर आले होते तो दिवस आठवतो? दारातूनच म्हणाले, "क्या बाई, घर में मदरसा खोले क्या? इजाजत लेना पडता." माझी पाचावर धारण बसली. तू चरख्यावरून उठलीसुद्धा नाहीस. "काहेका मदरसा साब? कंबल बनारे हमलोगां." मास्तर हुशार माणूस. त्यांनी गौराकडं बघून विचारलं, "सात सव्वा?" गौरा चाती फिरवत होती. हात न थांबवता म्हणाली, "पावणेनऊ." मास्तर मोठ्यानं हसले. "कंबल बहुत पक्का बुनती है लडकी," म्हणाले, पाणी प्यायले आणि जाताना चन्नीचं एक लोकरीचं मेंढरू मागून घेऊन गेले. इजाजतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

अशी तुझी शाळा. मग मी तिच्यावर उलटलो, असं तुला वाटलं. तू मला तसं बोललीसही. "म्या शिकवते त्यात काय खोट हाय?" खोट काही नव्हती, अक्का. खोट एवढीच की ते संपलं होतं. गौरा आता वर्तमानपत्र आधी वाचायची आणि मग तुला समजावून सांगायची. अपूर्णांकात ती तुला अडवायला लागली होती. मागं एका बाजारात गुळाच्या पुडीचा कागद फाटका निघाला, तर पुढची बातमी काय असेल म्हणून ती दिवसभर भुणभुण करत होती. मी म्हणालो, "अक्का, तिचे चिंचोके संपले." तू म्हणालीस, "मग आनखी आन." मी म्हणालो, "आपल्या झाडाचे संपले. आता दुसऱ्या झाडाखाली गेलं पाहिजे." त्यावर तू तडकलीस. म्हणालीस, "त्या शाळंत घंटा झाली की सोडत्यात. इथं काम झालं की सोडते म्या. त्यात लई फरक हाय. पोरीचा हात जाईल, मल्ल्या. अक्षर येईल आन् हात जाईल."

तुझं ते बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला राग यायचा. आणि त्याच्या आड एक गोष्ट होती, ती मी तोंडावर कधी आणली नाही. तुला मूल नव्हतं. गौरा तुला लागायची. सकाळी तिच्या वेणीशिवाय तुझा दिवस उगवायचा नाही. पाजणीला ती तुझ्या समोर उभी राहायची, तुम्हा दोघींचे कुंचे एका चालीनं खाली यायचे, आणि मधे ताणा असला तरी दोघींची कुजबुज चालायची. आम्हाला ऐकू न येणारं काहीतरी बोलून हसायच्या. तिला सोलापूरला धाड म्हणताना मी काय मागतोय ते मला कळत होतं. ते मी बोलून टाकलं नाही, एवढीच एक गोष्ट मला आज बरी वाटते. बाकी बरंच बोललो. म्हातारी झालीस, म्हणालो. अडून बसलीस, म्हणालो.

आणि मग ती सकाळ.

शिमगा होऊन गेला होता, हवेत अजून गारवा होता, पाजणीला यापेक्षा चांगला दिवस मिळत नाही. महादेवाच्या देवळापासून आपल्या दारापर्यंत ताणा बांधला. तू नेहमीप्रमाणं देवळाकडच्या खुंटापाशी गेलीस. आणि गौरा कुंचा घेऊन समोर आली, तेव्हा तू तो तिच्या हातातून घेतलास आणि चन्नीला दिलास. गौराला म्हणालीस, "तू आज गाडगं घे." चन्नीचा हात ताण्याच्या मधापर्यंत पोचेना, तर तिच्या पायाखाली दगड ठेवलास. माझं डोकंच फिरलं. एवढी बारीक लोकर, सोलापूरला जायचा माल, आणि ही बाई त्यावर पोरीला शिकवायला निघाली. मी ओरडलो, "अक्का, हे काय करायलीस? हा माल काय पोरखेळ हाय? आन् गौराचं काय ते एकदा सांग. नणंदेला निरोप धाडायचाय." तू माझ्याकडं बघितलंस. चेहरा रागाचा नव्हता. "पाजणी होऊ दे, मग सांगते," म्हणालीस.

मी आणि पार्वती मधल्या जागी होतो. चन्नी जीभ बाहेर काढून कुंचा ओढत होती. गौरा फुरंगटून गाडगं घेऊन फिरत होती, कुणाशी बोलत नव्हती. ऊन देवळाच्या शिखरावर आलं तेव्हा तू खुंटाशी टेकलीस. "जरा बसते," म्हणालीस. पार्वतीनं विचारलं, "वन्सं, पाणी देऊ का?" तू हात हलवलास. "हात थांबवू नका," म्हणालीस. गौरानं गाडगं खाली ठेवलं, तुझा कुंचा उचलला आणि तुझ्या जागी उभी राहिली. आम्ही हात थांबवले नाहीत.

हेच मला समजत नाही, अक्का. आम्ही विंचरत राहिलो. तू तिथं होतीस, पदर डोक्यावरून नीट, हात मांडीवर, तोंड आमच्याकडं. मी दोनदा तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, बघते आहे, चुका शोधते आहे. म्हणून मी आणखी नेटानं विंचरायला लागलो. तू कधी गेलीस? ताणा ओला असताना, की वाळत आला होता तेव्हा? मी तुझ्याकडं बघून कुंचा सरळ केला, तेव्हा तू होतीस का? हे मला कोण सांगणार? दुसऱ्या कुणाचं घर असतं तर माणूस खाली बसल्याबरोबर चार जण धावले असते. पण आपल्यात पाजणीला कुणी टेकलं तर उरलेल्यांनी हात चालू ठेवायचे, हे आम्हाला तूच शिकवलंस, अव्वानं तुला शिकवलं, आणि आम्ही शहाण्या पोरांसारखं पाळलं. तुझ्याच शिकवणीनं तुझ्याकडं पाठ केली. एवढं चांगलं शिकवायला कुणी सांगितलं होतं तुला?

ताणा वाळला. मी हात फिरवून बघितला, धागा न् धागा मोकळा. चन्नी दगडावरून उडी मारून तुझ्याकडं पळाली. "आत्त्या, झालं काम. सोडतीस न्हवं?" तू बोलली नाहीस. तिनं तुझा गुडघा हलवला. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "आत्त्या झोपली." पार्वतीच्या हातातलं काय पडलं ते मला आठवत नाही, नुसता आवाज आठवतो.

तुझ्या बोलण्यात एक शब्दाचा फरक कधी पडला नाही. मग सांगते म्हणालीस की सांगायचीस. मी वेडा, वैद्य येईपर्यंत तुझ्यापुढं उकिडवा बसून होतो. पाजणी झाली होती ना! मला वाटत होतं की आता सांगेल.

तो ताणा गुंडाळून मधल्या खोलीत टांगलाय. इतकी चांगली पाजणी आपल्या घरात आजवर झाली नसेल. गावात जो तो सल्ला देतो. कुणी म्हणतं, त्याचं घोंगडं विकू नका. कुणी म्हणतं, ओढ्याला सोडून द्या. कुणी म्हणतं, जंगमाला दान करा. मी हो हो म्हणतो आणि त्याला हात लावत नाही. माग रिकामा आहे. घरात कुणी पाढे म्हणत नाही. चन्नीनं तेवढी मेंढरं करणं सोडलेलं नाही. एक काळं मेंढरू करून तिनं ते खुंटापाशी ठेवलं होतं, ते कुत्र्यानं नेलं.

आणि गौरा जेवेना. रडतही नव्हती. पार्वती म्हणाली, "पोरगी भाकर मोडायली आन् तशीच ठिवायली. तुमी बोला तिच्याशी." मी काय बोलणार? बोलायचं काम तुझं. माझं काम ओरडायचं. तरी आज सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती परड्यात चिंचोके घेऊन बसली होती, फोडत नव्हती, नुसते हातात होते. मी म्हणालो, "गौरे, सोलापूरचं ऱ्हाऊ दे मनातनं. तुला न्हाय जायचं तर नगं जाऊस." मला वाटलं, तिला त्याचीच भीती असेल.

तिनं नाही म्हणून मान हलवली. चिंचोके खाली ठेवून म्हणाली, "आप्पा, म्या काय चुकले? आत्त्यानं मला ताण्यावरनं का काढलं?" मला आधी कळेचना. "सगळ्यांपुढं काढलं. मला गाडगं दिलं, चन्नीला कुंचा. म्या तिच्याशी बोलले न्हाय त्या दिवशी. ती रागातच गेली." आणि मग पोरगी रडायला लागली. ओठ आत ओढून, आवाज न करता, खांदे वर घेऊन.

अक्का, तू अगदी अशीच रडली होतीस. गाडगं घेऊन माझ्या मागं चालताना. अव्वानं तुझा कुंचा माझ्या हातात दिला तेव्हा.

पार्वती आत दाराशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग तीच म्हणाली, "आत्त्याबाई म्हनायच्या की. जानाऱ्यानं जागा भरून जावं, ताण्याला भोक पडू नये." आत्त्याबाई म्हणजे अव्वा, पार्वतीची सासू. अव्वा हे शंभरदा म्हणाली असेल. मी ते ऐकत मोठा झालो, आणि तुझ्या तोंडाकडं बघून मला ते आठवलं नाही. तू घरातून जाणार होतीस म्हणून अव्वानं तुझी जागा मला दिली. गौरा घरातून जाणार होती म्हणून तू तिची जागा चन्नीला दिलीस. मी तुला विचारत होतो, गौराचं काय, आणि तू माझ्यासमोर चन्नीच्या पायाखाली दगड ठेवत होतीस. त्याहून स्पष्ट काय सांगायचं होतं? पण मला मालाची पडली होती.

मी गौराला सगळं सांगितलं. तुझं लग्न, माझं चिडवणं, खळीनं भरलेलं तोंड. म्हणालो, "आत्त्या रागात नव्हती गं. तिनं तुला सोलापूरला धाडायचं ठरवलं होतं. ज्याला घालवायचं त्याचीच जागा भरत्यात." ती डोळे पुसून माझ्याकडं बघत राहिली. विश्वास ठेवावा की नाही असं तिच्या तोंडावर होतं. मग विचारलं, "आत्त्याला गाडगं दिल्यावर तुमी चिडवलंत तिला?" मी म्हणालो, "व्हय. लई चिडवलं." ती जरा हसली. उठली, चुलीपुढं जाऊन अर्धी भाकरी खाल्ली, आणि खाता खाता अंगणाकडं बघून ओरडली, "चन्ने, कुंचा कसा धरतीस ते दाव मला. त्या दिवशी उलटा फिरवत होतीस. म्या गेल्यावर कोन सांगनार तुला?"

तुझाच आवाज. मी उठून बाहेर गेलो, कारण मला बसवेना.

तर वाद मी जिंकलो, अक्का. जन्मात पहिल्यांदा तुझ्याशी वाद जिंकलो, आणि घरात फिरून बघतो तर सांगायला माणूस नाही. मला तुझा रागही येतो. एक "हो" म्हणायला काय लागत होतं? पण तुला धाकट्या भावापुढं हार कबूल करायची होती ना. ती जितकी लांबवता येईल तितकी लांबवलीस. म्हटलंस, आधी पाजणी होऊ दे. पाजणी झाल्यावर तू हसून सांगितलं असतंस, मी दिवसभर मिशीवर ताव देत फिरलो असतो, आणि संध्याकाळी तू म्हणाली असतीस, सुम्म कूड. एवढंच व्हायचं होतं. एवढंसुद्धा होऊ दिलं नाहीस.

तो ताणा मी उद्या मागावर चढवणार आहे. ओढ्याला सोडणार नाही, विकणारही नाही. त्याचं घोंगडं गौराबरोबर सोलापूरला जाईल. किनार पांढरीच लावतो, तुला हवी तशी. काळ्याला काळीच शोभते हे माझं म्हणणं अजून बदललेलं नाही, पण या खेपेला राहू दे.

एकच गोष्ट मला पुनःपुन्हा छळते. घरातून जाणाऱ्या पोरीची जागा तू वेळेवर भरलीस. एवढी जपून, पायाखाली दगड देऊन भरलीस. स्वतःची जागा मात्र कुणालाच दिली नाहीस; गौरा त्या दिवशी आपणहून तिथं उभी राहिली, पण ती तर जाणारी. म्हणजे तुलाही ठाऊक नव्हतं. आम्हाला जसं ठाऊक नव्हतं तसंच तुलाही. तू खरंच जरा बसायला म्हणून बसली होतीस.

जून लागायच्या आत आणखी एक पाजणी करायची आहे, अक्का. चन्नी गौराच्या जागेवर उभी राहील, तो दगड मी उचलू दिलेला नाही. तिच्या समोर कोणाला उभं करू, तेवढं सांग.